लेकरू लातूरला टाकावं कसं : नवशिक्या पालकांसाठी

दहावीचा निकाल लागला, लेकराला नव्वदच्या पुढं पडले, पेढे वाटून झाले. आता पुढची दोन वर्षं घरात कुणाचं लग्न काढायचं नाही, कुणी आजारी पडायचं नाही आणि टीव्ही मोठ्यानं लावायचा नाही. लेकरू लातुरात असेल, टीव्ही गावात असेल, तरी लावायचा नाही. पालक म्हणून तुमच्या वाट्याला एवढंच काम उरतं. बाकीचं सगळं पैसे देऊन होतं.

सत्तर पडले असतील तरी वाचत राहा. पद्धत तीच आहे, फक्त फीत सवलत मिळत नाही.

तुम्ही मुखेडचे असा, कंधारचे, देगलूरचे, निलंग्याचे, नाहीतर पार किनवटचे. खालच्या पायऱ्या क्रमानं चढा. मधली एखादी गाळलीत आणि लेकरू हसतंखेळतं राहिलं, तर तक्रार घेऊन आमच्याकडं येऊ नका.

१. आधी कारण पाठ करा. पारावर कुणीतरी विचारणारच, "लातूरलाच का?" उत्तर दोन शब्दांचं आहे: "लातूर पॅटर्न." हे म्हणताना मान किंचित तिरकी ठेवा. समोरचा लगेच गप्प बसतो, कारण पॅटर्न म्हणजे नेमकं काय हे त्यालाही माहीत नसतं.

तुम्हाला मात्र माहीत असलेलं बरं. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली सुरू झालं. पुढं तिथं प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अघोरी प्रकार सुरू केला. प्राध्यापक वेळेवर वर्गात जायला लागले. धडा संपला की चाचणी, चाचणी झाली की पेपर तपासून हातात, चुका दाखवून पुन्हा चाचणी. सुट्टीतही तास. खेड्यातून आलेली, मराठी माध्यमातली, इंग्रजी म्हटलं की घाम फुटणारी लेकरं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत चमकायला लागली आणि पुण्या-मुंबईकडच्या लोकांनी नकाशा काढून लातूर कुठं आहे ते बघितलं. म्हणजे मूळ पॅटर्न काय, तर मास्तरांनी मन लावून शिकवायचं आणि पोरांनी मन लावून सोडवायचं. एवढी साधी गोष्ट विकायला काढली तर गिऱ्हाईक येत नाही, म्हणून पुढं तिच्यावर बरेच मजले चढवावे लागले. तुम्ही ज्या मजल्यावर रूम घेणार आहात तो त्यातलाच एक.

२. लेकराला काही विचारू नका. फारच लोकशाही वाटत असेल तर "डॉक्टर का इंजिनिअर?" एवढं विचारा आणि त्यानं तोंड उघडायच्या आत "डॉक्टर" असं म्हणा. एखादं लेकरू "मला मराठी घेऊन बीए करायचंय" म्हणतं. घाबरू नका, बहुतेक वेळा ताप असतो. पण नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर होते आणि त्यांचं बोलणं ऐकायला अख्खा महाराष्ट्र थांबायचा, ही माहिती त्याच्या कानावर जाणार नाही याची काळजी घ्या. मराठवाड्यात कला शाखेनंही माणूस मोठा होतो, असा गैरसमज त्यातून पसरू शकतो.

३. लातूर की नांदेड, हा निर्णय घ्या. दोन्ही जिल्हे बोर्डाच्या एकाच विभागीय मंडळात येतात, दोन्हीकडं फ्लेक्स सारखेच मोठे असतात. नांदेडची बाजू घेणारे सांगतील की यशवंत महाविद्यालय आहे, सायन्स कॉलेज आहे, श्यामनगर-भाग्यनगरच्या गल्लीगल्लीत क्लास आहेत, रेल्वे आहे, विष्णुपुरीला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, म्हणजे स्वप्न रिक्षानं जाऊन बाहेरून बघता येतं. शिवाय महिनाअखेरीला मेसचे पैसे संपले तर गुरुद्वाऱ्यात लंगर आहे. तिथं कुणी रँक विचारत नाही.

नांदेडचाही एक पॅटर्न आहे, हे फार थोड्यांना आठवतं. २०१० च्या आसपास जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी दहावी-बारावीच्या परीक्षेतली कॉपी बंद करायचं मनावर घेतलं. खिडकीवर लटकणारे काका-मामा खाली उतरवले गेले आणि त्या वर्षी जिल्ह्याचा निकाल धाडकन आपटला. शासनानं त्या कॉपीमुक्तीला नांदेड पॅटर्न म्हणून राज्यभर नावाजलं. पण ते शिकायला कुणी नांदेडात रूम भाड्यानं घेऊन राहिल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा लातूरच ठरवा. मेहुण्यानंही पोरगी तिथंच टाकलीय.

४. पैशाची तजवीज. क्लासचे हप्ते आणि सोयाबीनचा भाव यांची गाठ कधी पडत नाही, हे गृहीत धरा. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात सौदे त्याच्या खालीच होत होते. भाव वाढेल म्हणून पोती घरात रचून ठेवणारा शेतकरी आणि रँक वाढेल म्हणून हप्ता भरणारा बाप, हा बहुधा एकच माणूस असतो. फीला मात्र खरोखरची हमी असते. ती कधीच उतरत नाही.

५. क्लास निवडा. ट्यूशन एरियात शिरलात की मान वर करून चाला. खड्डे खाली आहेत, पण निर्णय वर टांगलेले आहेत. फ्लेक्सवर गोल चौकटीत लेकरांचे फोटो असतात, खाली मार्क, त्याच्या खाली कॉलेजचं नाव. एकच चष्म्यातली मुलगी तीन क्लासच्या फ्लेक्सवर दिसली तर गोंधळू नका. एका ठिकाणी ती शिकली, दुसरीकडं तिनं टेस्ट सीरिज लावली होती आणि तिसरीकडं ती एकदा पत्ता विचारायला गेली होती.

नवशिके पालक इथं एक चूक करतात. फोटो किती ते मोजतात आणि "एकूण मुलं किती होती?" असंही विचारून बसतात. हा प्रश्न काउंटरवर अशुभ समजला जातो. तो विचारला की ताई तुम्हाला पाण्याचा ग्लास देतात आणि माहितीपत्रक परत घेतात.

त्यानंतर बॅच. स्कॉलरशिप टेस्ट होते, तिच्यावरून लेकरांची वर्गवारी होते. पहिली ओळ स्टार बॅचला जाते. तिला फी माफ, चांगले सर, वेगळा हॉल, डाऊट काउंटरला रांग नाही. आपलं लेकरू बहुधा दुसऱ्या कुठल्यातरी बॅचला जातं, जिचं नाव मुद्दाम भारदस्त ठेवलेलं असतं. हिरमुसू नका. स्टार बॅचची फी माफ होते ती कुणाच्यातरी जिवावरच ना? पुढच्या जूनमध्ये फ्लेक्सवर जी पोरं झळकतील, त्यांच्या यशात तुमच्या सोयाबीनचा वाटा आहे, हा अभिमान बाळगा.

६. कॉलेजचंही बघावं लागतं. कायद्यानं लेकरू अकरावीत असायला हवं, म्हणून कुठंतरी नाव घाला. गावाकडचं एखादं ज्युनियर कॉलेज उत्तम. तिथल्या हजेरीपटावर लेकरू रोज हजर असतं आणि देहानं लातुरात असतं. बायोमेट्रिक हजेरीचं मशीन आलं तेव्हा थोडी चिंता वाटली होती, पण मशीनलाही विश्रांती लागते. प्रात्यक्षिकाच्या आठवड्यात मात्र लेकराला एकदा घेऊन जा, म्हणजे ब्युरेट कशाला म्हणतात ते त्याला कळेल आणि सरांनाही विद्यार्थ्याचं तोंड दिसेल. ज्या पॅटर्ननं कॉलेजचे वर्ग भरवून दाखवले, त्याच्याच नावानं आता ते रिकामे ठेवता येतात.

७. रूम. कॉट बेसिसवर मिळते. म्हणजे भाडं खोलीचं नाही, खाटेचं द्यायचं. दहा बाय दहाच्या खोलीत तीन कॉट, तीन टेबलं, एक पंखा, भिंतीवर आवर्त सारणी आणि खिडकीच्या बाहेर दुसऱ्या होस्टेलची खिडकी. मालकाला तोंडावर काका म्हणा. काकांचे नियम: नऊनंतर गेट बंद, पाहुणे नकोत, इस्त्री नको, हीटर नको, मोठ्यानं हसणं नको. डिपॉझिट दोन महिन्यांचं.

पाण्याबद्दल विचारलंत तर काका म्हणतील, "तेव्हासारखं नाही आता." तेव्हा म्हणजे २०१६. त्या एप्रिलात लातूरसाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि टाक्यांभोवती माणसं एकमेकांच्या अंगावर जाऊ नयेत म्हणून त्याआधी जमावबंदी लावली होती. काकांच्या शब्दावर विसंबू नका. जिन्याखाली रिकामे ड्रम किती आहेत ते मोजा. ड्रम जितके जास्त, तितके काका खरं कमी बोलतात.

रूम पार्टनर निवडायची सोय नसते. तरी शक्य असेल तर आपल्या लेकरापेक्षा थोडा कमी मार्कांचा बघा. जास्त मार्कांचा असला तर लेकराला न्यूनगंड येतो आणि फारच कमी मार्कांचा असला तर मैत्री होते. मैत्री एकदा झाली की संध्याकाळी चहाला जाणं आलं, चहाला गेलं की बोलणं आलं. दोन वर्षांच्या वेळापत्रकात त्यासाठी रकाना नाही.

८. जेवणाचा प्रश्न गंभीरपणे घ्या, कारण फोनवर बोलायला तेवढाच विषय असतो.

मेस लावा. तूरडाळीसाठी देशभर नाव असलेल्या या शहरात मेसच्या वरणात डाळ शोधावी लागते. त्यानं लेकराची निरीक्षणशक्ती वाढते आणि जीवशास्त्राला मदत होते. चपाती दुमडली की तशीच राहते. रविवारी दुपारी फीस्ट, रविवारी रात्री मेस बंद. त्या रात्री गाड्यावर निलंगा राईस मिळतो, तिखट, गरम, ताटलीभर. आठवड्यात लेकरू चवीनं खातं ते तेवढंच, म्हणून "बाहेरचं खाऊ नको" असं त्याला प्रत्येक रविवारी फोन करून सांगा.

औसा, रेणापूर, चाकूर इतक्या जवळचे असाल तर एसटीनं डबा पाठवता येईल. ही कला शिकून घ्या. पहाटेच्या गाडीच्या कंडक्टरशी ओळख काढा. डबा कापडात घट्ट बांधा, वर नाव, बॅच आणि मोबाइल नंबर लिहा. आत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची कोरडी भाजी, सणावाराला धपाटे. गाडी स्टँडवर लागते तेव्हा तिथं रांगेनं उभी असलेली लेकरं बघा: डाव्या हातात नोट्स, ओठ पुटपुटतायत, उजवा हात डब्यासाठी पुढं. कंडक्टर नाव पुकारतो. दिवसभरात या लेकरांना रोल नंबर सोडून नावानं हाक मारणारा तो एकच सरकारी कर्मचारी असतो. त्याला दिवाळीला काहीतरी द्या.

डब्यात चिठ्ठी घालू नका. मागं एका माउलीनं "दमला असशील तर ये दोन दिवस घरी" असं लिहून पाठवलं आणि पोरगं खरंच आलं. आठवडाभर झोपलं. तीन टेस्ट बुडाल्या. अशी बेफिकिरी परवडत नाही.

९. फोन. रोज रात्री साडेनऊला करा. संवाद ठरलेला आहे, त्यात फेरफार नको:

"जेवलास का?"
"हो."
"काय होतं?"
"बटाटा."
"अभ्यास करायलास का?"
"करायलोय."
"टेस्टला किती पडले?"

इथं थोडा वेळ काही ऐकू येत नाही. रेंजचा प्रॉब्लेम आहे असं समजा. तसं बघितलं तर हा प्रश्न विचारायची गरजही नसते, कारण मार्क लेकराच्या आधी तुमच्या मोबाइलवर येऊन पडलेले असतात. तुम्ही पाळी घालत असता, खिशात फोन वाजतो: ३४२, बॅचमध्ये २१८ वा. औत तिथंच थांबवून "असं का झालं?" म्हणून लगेच विचारा. लेकराला अजून उत्तरपत्रिकाही मिळालेली नसते, पण बाप सावध आहे एवढं त्याला कळतं.

सुरुवातीला लेकरू फोनवर रडतं. दिवाळीपर्यंत रडणं थांबतं, संक्रांतीपर्यंत बोलणंही थांबतं. नुसतं हुं हुं करतं. गल्लीत सगळ्यांना सांगा, रमलं आता अभ्यासात.

१०. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचं, म्हणजे नीटचं, गणित तुम्हीही शिका. १८० प्रश्न, बरोबर उत्तराला ४, चुकीला वजा १, एकूण ७२०. निम्मे मार्क जीवशास्त्राचे. एवढं आलं की तुम्ही कुठल्याही लग्नात तज्ज्ञ म्हणून बसू शकता. सोबत ठेवायचे आणखी दोन आकडे: २०२४ ला नीटला २३ लाखांवर मुलं बसली आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. भागाकार करू नका. ज्यांनी केला त्यांनी लेकराला आयटीआयला घातलं आणि आता ते वेळेवर जेवतं.

त्याच वर्षी पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० पडले होते. शेवटी सुधारून लागलेल्या यादीत १७ उरले. पेपरफुटीचा तपास लातुरापर्यंतही येऊन गेला. पाहुण्यांत हा विषय निघाला तर चहा मागवा. २०२५ ला पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिला आलेला ६८६ वर थांबला. ती माहिती मात्र उपयोगी आहे. लेकराला ३४२ पडले की "पहिल्यालाही पूर्ण पडले नाहीत" असं म्हणता येतं.

जुनी एक पळवाट होती, ती आता बंद आहे. पूर्वी राज्यात ७०:३० चं सूत्र होतं. सत्तर टक्के जागा ज्या त्या विभागातल्या मुलांना, आणि मराठवाड्यात मेडिकल कॉलेजं मोजकी. त्यामुळं आपल्याकडचं जास्त मार्कांचं लेकरू घरी आणि तिकडचं कमी मार्कांचं कॉलेजात, असं व्हायचं. सप्टेंबर २०२० मध्ये ते सूत्र रद्द झालं. ते रद्द करणारे वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख लातूरचेच. अन्याय दूर झाला, याचा आनंद आहेच. पण अपयशाचं खापर फोडायला मुंबई राहिली नाही. आता ते घरातच फोडावं लागतं.

११. परीक्षेचा दिवस. मे महिना, रविवार, दुपारी दोनला पेपर, दीडला गेट बंद. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात चप्पल, कानात-गळ्यात काही नको. पेनसुद्धा आतच मिळतं. दोन वर्षं लेकरानं जे जे गोळा केलं त्यातलं काहीही आत नेता येत नाही, फक्त पारदर्शक बाटलीतलं पाणी.

तुम्ही बाहेर कडुलिंबाखाली जागा धरा. तीन तास आहेत. दुसऱ्या बापांशी ओळख करून घ्या, कुणाचा क्लास कुठला, कुणाचं हे कितवं वर्ष. लेकरू बाहेर आलं की पाणी द्यायच्या आधी विचारा, "किती येतील?" हा प्रश्न विचारायला तुम्ही एकटे नाही, गेटवर दोनशे माणसं एका सुरात तेच विचारत असतात.

१२. निकाल लागला आणि एमबीबीएसला नंबर लागला, तर पुढं वाचू नका. फ्लेक्सवाल्याला फोटो द्या. जिथं पत्ता विचारला होता त्यांनाही.

नाही लागला, तर उतरत्या क्रमानं असं म्हणायचं असतं: "बीडीएस काय वाईट आहे?", "बीएएमएसला आता फार मान आहे", "बीएचएमएस म्हणजे डॉक्टरच की", "उदगीरला व्हेटर्नरी आहे, घरची जनावरं आहेतच". शेवटच्या पायरीवर जॉर्जिया आहे. जॉर्जिया कुठं आहे हे लेकरालाही माहीत नसतं. भूगोल नववीतच मागं पडलेला असतो.

यातलं काही म्हणायची इच्छा नसेल तर रिपीटर बॅच. ती जूनमध्येच सुरू होते. तोच क्लास, तेच सर, तेच विनोद, त्याच जागी. लेकरू सरांच्या आधी विनोद पूर्ण करतं, याला उजळणी म्हणतात. काही लेकरं तिसऱ्यांदाही बसतात. त्यांना ट्यूशन एरियात सगळे दादा म्हणतात, मेसवाल्या मावशी त्यांच्याकडून चपात्यांचा हिशेब लिहून घेतात आणि नव्या पोरांना रूम दाखवायचं काम काकांनी त्यांच्यावरच सोपवलेलं असतं. एकेकाला तर त्यावर कमिशनही मिळतं. म्हणजे कमावायला लागलं की लेकरू! आणखी काय पाहिजे?

१३. धाकटं कितवीत आहे? आठवीत ना? मग उशीर झालाय. सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगला घेऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये काढली आहेत. ती वाचून अस्वस्थ होऊ नका. त्याला कोचिंग म्हणत नाहीत, फाउंडेशन म्हणतात. मोठ्याची मॉड्यूल्स जपून ठेवा, समासातली चित्रं तेवढी खोडा. आणि काकांकडून डिपॉझिट परत मागू नका, तीच कॉट लागेल.